तनूचं पोट आणि मी वाचलेलं कन्नड

चूक आप्पांची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकताना तुमची दया उगाच भलतीकडं जायला नको. आप्पा म्हणजे माझे वडील. सीमाभागातल्या वडगावात आमचे चार माग आहेत. त्या मागांवर आप्पांचा जीव, उरलेला थोडा जीव चहावर, आणि त्यातनं काही शिल्लक राहिलाच तर घरातल्या माणसांवर.

फजिती माझी झाली, आणि ती पण बारा पोरांच्या देखत, शाळेच्या फाटकात. आता ती कुठनं सांगायला घेऊ? पोटापासनं घेतो. माझ्या लेकीच्या.

तनू आठ वर्षांची, तिसरीत. खो-खो खेळायला लागली की गल्लीतली मोठी पोरं पण दमायची. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा ठणठणीत होती. गणपती झाले, आणि एक दिवस पावणेनऊला ही पोट धरून उंबऱ्यात बसली. नऊला शाळेची रिक्षा येते. रिक्षावाल्या मामांनी हॉर्न वाजवला, हाका मारल्या, गेले. साडेनऊला तनू उठली, दोन चपात्या खाल्ल्या आणि माझ्या मागाशेजारी पोतं टाकून चित्रं काढत बसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग आठवड्यातनं तीन दिवस, मग चार. दिवसभर पोत्यावर बसायची. मी सूत आणायला बाहेर निघालो की चप्पल घालून मागनं. "पप्पा, कुठं चाललाय? मी पण." मी आपला छाती फुगवून चालायचो. लेक बापाची लाडकी असते ना! मला वाटलं तसंच आहे ते.

पण हळूहळू तिचं जेवण कमी झालं. गाल बसले. झोपेत दचकायला लागली. तेव्हा मात्र घरात सगळ्यांना डॉक्टरकी सुचली.

आई म्हणाली, "दीठ लागलीया पोरीला." मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या ओवाळल्या आणि टाकल्या निखाऱ्यावर. कुणालाच ठसका लागला नाही. आई घाबरली. "मिरच्या जळत्यात आणि ठसका न्हाय, म्हंजे लई कडक दीठ हाय!" दुसऱ्या दिवशी मिरच्या दुप्पट. सगळं घर खोकत गल्लीत. तरी सकाळी पोट दुखायचं ते दुखलंच.

आप्पांचं निदान सोपं होतं. "नाटक हाय. आमच्या टायमाला पोट दुखायला सवड तरी व्हती का कुणाला?"

बघा! आप्पांच्या टायमाला कुणालाच काही होत नव्हतं. जे दगावले त्यांना आता विचारता येत नाही, म्हणून हे असं बोलायला मोकळे.

माझी बायको रूपा ही आमच्या घरातली एकमेव शहाणी. ती म्हणाली, "दवाखान्यात नेऊया." नेलं. आणि आमचं घर दवाखान्यात जातं ते सगळंच जातं. मी, रूपा, आई, आप्पा. बाहेरच्या बाकावर नंबर येईपर्यंत माझं आणि आप्पांचं एक भांडण पण उरकलं, कारण गाडी मी उन्हात लावली होती. आत डॉक्टरांनी तनूचं पोट दाबलं, जीभ बघितली, सोनोग्राफीचा कागद बघितला.

"पोटात काही नाही," डॉक्टर म्हणाले. "घरात काही टेन्शन वगैरे?"

"न्हाय!" चौघंही एका सुरात.

तनू आमच्या तोंडाकडं बघत होती.

आता आमच्या घरातलं टेन्शन म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे तुम्हीच ठरवा ते टेन्शन होतं का. मागावाल्यांच्या घरात हळू कुणी बोलत नाही. चार माग खडखडायला लागले की शेजारी बसलेल्या माणसाला 'पाणी दे' म्हणायचं तर गल्लीत ऐकू जाईल असं म्हणावं लागतं. माग बंद झाले तरी गळा तसाच राहतो. आमच्यात लाडानं बोलतात ते पण ओरडूनच. मग भांडताना काय होत असेल?

आणि भांडण रोजचं. सकाळी आठला माग सुरू करायच्या वेळी. मी म्हणायचो, ह्यातले दोन जुने माग काढूया, नवीन घेऊया, नवीन नक्षी करूया. आप्पा म्हणायचे, डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडून आलेल्यानं आम्हाला शिकवू नये. (डिप्लोमा का सोडला ती वेगळी गोष्ट. तीत पण चूक आप्पांचीच आहे.) मग मी सूत आपटायचो आणि शेवटचं वाक्य टाकायचो, "जातो मी पुण्याला! कायमचा! परत तोंड दाखवणार न्हाय!"

"जा की. स्टँडचा रस्ता ठाव हाय न्हवं?"

झालं. मग चहा. मग माग. एकदा तरी पिशवी भरली का मी? पिशवी कुठल्या खुंटीला असते ते पण मला माहीत नव्हतं. हे वाक्य म्हणजे आमच्याकडं घंटा झाली होती, ती वाजली की कामाला लागायचं.

तर अशा ह्या घरात दीठ झाली, जंताचं औषध झालं. मग मी माझं निदान काढलं. आणि मला ते एकदम पटलं, कारण त्यात चूक आप्पांची होती.

शाळा!

तनूला कन्नड शाळेत घातलं आप्पांनी. मी म्हणत होतो मराठीत घालू, चालत दहा मिनिटांवर आहे, मी शिकलो ती. "तू शिकलास मराठीत, काय उजेड पाडलास?" आप्पा म्हणाले. "उद्या कुठल्या बी कचेरीत जा, कन्नड लागतंय. नोकरी न्हाय तर न्हाय, निदान फॉर्म तरी भरंल पोरगी." माझ्या लेकीचं नाव माझ्या बापानं माझ्या सहीनं घातलं.

तुम्ही म्हणाल, तुम्हाला काय कन्नड येत नाही का? येतं की! वडगावात जन्मलेल्या माणसाला कन्नड येत नाही असं होत नाही. आप्पा बागलकोटच्या व्यापाऱ्यांशी तासतासभर कन्नडात घासाघीस करतात. आई भाजीवालीशी कन्नडात भांडते आणि जिंकते. मी तर शिव्याच आधी कन्नडात शिकलो. पण हे सगळं तोंडानं आणि कानानं. वाचायचं म्हटलं की घरात शुकशुकाट.

अपवाद मी. दहावीला कन्नड तिसरी भाषा होती, त्यात मी पास. त्यामुळं लाइट बिल आलं, रेशनचा कागद आला की हाक यायची, "सुन्या, वाच रं." लाइट बिलात काय, आकडा बघायचा आणि 'भरायला सांगितलंय' म्हणायचं. पंधरा वर्षं माझी पंडिताई ह्याच्यावर चालली होती. खरं सांगू? दहावीला उत्तरं चित्रासारखी पाठ केली होती. आता ती अक्षरं बघितली की लग्नात लांबचे पाहुणे दिसावेत तसं होतं. चेहरा ओळखीचा, नाव काय ते आठवत नाही. हसून पुढं सरकायचं.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर तनू एक दिवस शाळेत गेली आणि डायरीत चिठ्ठी घेऊन आली. वर्गशिक्षिका सरोजा टीचर. पाच-सहा ओळी, सगळं कन्नड.

"काय लिहिलंय?" रूपानं विचारलं.

आप्पा पेपर खाली करून बघायला लागले. आई भाकरी थापायची थांबली. तनू माझ्यासमोर उभी.

आता काय करणार? 'येत नाही' म्हणणार? आप्पांसमोर? डिप्लोमा गेला, आता दहावी पण गेली म्हणाले असते. मी कपाळाला आठी घातली, बोट ओळींवरनं फिरवलं, आणि खोटंच सांगायचं तर आपल्या फायद्याचं सांगावं म्हणून म्हणालो, "टीचर म्हणत्यात, तनूचं कन्नड लई कच्चं हाय. तिला शाळा झेपत न्हाय."

तनूनं माझ्याकडं एकदा बघितलं. डायरीकडं बघितलं. आणि खाली बघितलं.

"बघा!" मी आप्पांवर चढलो. "सांगत हुतो न्हवं? मराठीत घाला म्हणून!"

"कच्चं हाय तर पक्कं करू," आप्पा म्हणाले. "शिकवणी लावा. आणि संध्याकाळचं ते पळापळी खेळणं बंद."

असा उलटा पडला डाव! मला पोरगी शाळेतनं सोडवायची होती, तिचा खो-खो सुटला. मागच्या गल्लीतल्या रिटायर गुरुजींकडं रोज साडेपाच ते सात. पोरगी वही घेऊन मान खाली घालून जायची. दोन दिवसांनी पोट संध्याकाळी पण दुखायला लागलं.

मोबाइलवर फोटो काढला की भाषांतर मिळतं, हे मला माहीत नाही असं समजू नका. केलं. संडासात जाऊन केलं. टीचरचं अक्षर हाताचं, आणि मोबाइलला पण माझ्याइतकंच येत असावं. त्यानं लिहून दिलं, 'पोट घरी आहे. आजोबा कृपया या.' मी मोबाइल खिशात घातला. म्हटलं, ह्यापेक्षा माझं बरं होतं.

आठ दिवसांनी दुसरी चिठ्ठी. ह्या वेळी पान भरून. आणि लाल शाईत! शेवटच्या दोन ओळींखाली रेघा!

मला सांगा, लाल शाईत रेघा मारून कोण कुणाचं कौतुक करतं का?

पुन्हा तोच सीन. रूपा, आई, आप्पा, समोर तनू. ह्या वेळी मी मन लावून बघितलं. देवाशपथ बघितलं. आणि त्या लाल गर्दीत मला दोन शब्द ओळखू आले! एक 'तंदे', म्हणजे बाप. दुसरा 'अज्ज', म्हणजे आजा. ते पण एकदा नाही, तीन-तीनदा. माझ्या डोक्यात सगळं चित्र उभं राहिलं.

"बाई आमच्या बापाआज्यावर गेलीया!" मी ओरडलो.

"माझ्यावर?" आप्पा उठले. "माझं नाव घेतलंय?"

"तीन टायमाला!"

"काय म्हणतीया?"

"काय म्हणणार? घरच्यांनाच अक्कल न्हाय, पोरीला कुठनं येणार, असंच सगळं!"

"अहो, नीट वाचा की," रूपा म्हणाली. "असं कशी लिहितील टीचर?"

"मला शिकवू नको कन्नड!"

तनू म्हणाली, "पप्पा—"

"तू गप बस. तुझ्यावर आता कुणी रागावणार न्हाय. उद्या बघतोच."

तिनं तोंड उघडलं होतं, मिटलं. हे मला नंतर फार आठवलं. आता तेवढं सोडा.

आप्पांनी पायात चप्पल घातली आणि काढली, दोनदा. "सत्तर वर्षं ह्या गावात काढली, कुणी मला लिहून शिवी दिली न्हवती," म्हणाले. आणि मग असं काही म्हणाले की मला बसावंच लागलं. "सुन्या, तुझं बरोबर हुतं."

जन्मात पहिल्यांदा! तीस वर्षांचा झालो, हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. मला तर टीचरचे आभारच मानावेसे वाटले.

बाळ्याला फोन लावला. बाळ्या आमच्या युवक मंडळाचा कर्ता. आमच्या भागात काही झालं की निवेदन देतात. पाणी आलं नाही, निवेदन. पाणी जास्त आलं, निवेदन. बाळ्याकडं मसुदा तयारच असतो, फक्त विषय आणि तारीख भरायची. "किती वाजता?" एवढंच विचारलं त्यानं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चमत्कार. आठ वाजले. मी आणि आप्पा एका बाकावर बसून चहा पीत होतो! 'तू आधी बोल, मग मी बोलतो,' असं ठरवत होतो. आप्पांनी मला त्यांच्यातलं बिस्कीट दिलं. सूत आपटलं नाही, पुणं निघालं नाही. पावणेनऊ झाले. तनू आतनं आली, केसांना रिबन, पाठीला दप्तर. पोट? कसलं पोट! उड्या मारत होती. "पप्पा, आजोबा, तुम्ही दोघं पण येणार शाळेत?"

मी रूपाला म्हणालो, "बघितलंस? नुसतं शाळेवर जायचं ठरवलं तर पोर बरी झाली. मुळावर घाव घालाय लागतोय!"

रूपानं चहाचे दोन रिकामे कप उचलले, एकदा आम्हा दोघांकडं बघितलं, आणि आत गेली. तिला तिथंच कळलं होतं. पण मला सांगून काही उपयोग असतो का?

गेलो. पुढं मी आणि आप्पा, मध्ये तनू दोघांची बोटं धरून झोके घेत, मागं बाळ्या आणि अकरा पोरं. वाटेत लोक विचारायला लागले, कुठली मिरवणूक?

शाळेच्या फाटकातच सरोजा टीचर भेटल्या. बुटक्या, पन्नाशीच्या, हाताला खडू. तनू पळत प्रार्थनेच्या रांगेत गेली. टीचरनी आमचा जथा बघितला आणि चक्क खूश झाल्या. अस्सल मराठीत म्हणाल्या, "आला व्हय? बरं केलासा! किती दिस वाट बघायली मी, फोन लावला तर मागाच्या आवाजात कुणी उचलत न्हाई. पण दोघांनाच बोलावलं हुतं, एवढी का आलीत?"

आम्ही घोषणांची तयारी करून गेलेलो. बाळ्याचं तोंड उघडंच राहिलं. "टीचर, तुम्ही मराठी?"

"निपाणीची हाय मी. घरात कन्नड, दारात मराठी. बोला, काय काम?"

बाळ्यानं घसा साफ केला. "ह्या पोरीच्या बापावर आणि आज्यावर तुम्ही डायरीत लिहिलाय. त्याचं निवेदन हाय."

"लिहिलंय की. खरं तेच लिहिलंय."

आप्पा पेटले. "काय खरं? काय केलंय मी?"

टीचर बघतच राहिल्या. "वाचलं न्हाई तुम्ही?"

"आमच्या सुन्यानं वाचून दाखवलंय सगळं."

"मग वाचा की हो," टीचर मला म्हणाल्या. "मोठ्यानं वाचा. एवढी माणसं आलीत, त्यांना पण कळू दे."

आणि डायरी माझ्या हातात.

तुम्ही कधी भर रस्त्यात धोतर सुटलेल्या माणसाचा चेहरा बघितलाय? मी आरशाशिवाय बघितला.

"चष्मा ऱ्हायला घरात," मी म्हणालो.

"तुला कवा चष्मा लागला रं?" बाळ्या.

"मग तूच वाच की!"

बाळ्यानं डायरी घेतली. सरळ धरली, लांब धरली. "अक्षर जरा हे हाय," म्हणून शेजारच्याला दिली. त्यानं पुढच्याला. आमच्यातला एक तर पदवीधर! त्यानं पान उलटून मागं कोरं आहे ना ते बघितलं आणि दिली पुढं. बारा जणांच्या हातातनं ती डायरी फिरली. सगळ्यांनी भक्तिभावानं बघितलं, एकानं तर कपाळाला लावायची बाकी ठेवली. आणि आली परत माझ्या हातात.

बारा जण. सगळे कन्नड फाडफाड बोलणारे.

आप्पा माझ्याकडं बघत होते. सकाळी मला बिस्कीट देणारे हेच ते आप्पा.

"म्हंजे," टीचर सावकाश म्हणाल्या, "दोन्ही चिठ्ठ्या घरात कुणी वाचल्याच न्हाईत?"

तेवढ्यात तनू रांगेतनं पळत आली. "आणा पप्पा, मी वाचते." असं हळूच म्हणाली, की जणू माझ्या सदऱ्याचं बटण चुकलंय आणि ती लावून देतेय.

आणि तिनं वाचलं. बोट शब्दाखाली ठेवून, खणखणीत कन्नडात. कुठं अडली नाही. कच्चं म्हणे! आणि कान तर आमच्या सगळ्यांचे तयार. एक शब्द सुटला नाही कुणाचा. मराठीत सांगायचं तर एवढंच होतं:

'तनू शाळेत येते त्या दिवशी डबा संपवते, खेळते, वर्गात सगळ्यांत चांगलं वाचते. पण प्रत्येक मधल्या सुट्टीत माझ्याकडं येऊन म्हणते, घरी फोन लावा, पप्पा घरात आहेत का विचारा. तिनं मला सांगितलं की आजोबा आणि पप्पा रोज सकाळी भांडतात आणि पप्पा कायमचे पुण्याला जातो म्हणतात. ती शाळेत असताना ते जातील असं तिला वाटतं, म्हणून राखण करायला ती घरी थांबते. तिचं पोट खरोखर दुखतं. तिला रागावू नका. तिच्या वडिलांनी आणि आजोबांनी दोघांनी मिळून मला भेटावं.'

रेघा मारल्या होत्या त्या ओळी शेवटच्या. रागावू नका, आणि दोघांनी मिळून भेटा.

आम्ही दोघं मिळूनच भेटायला आलो होतो! मागं बारा जण घेऊन!

बाळ्यानं निवेदन घडी घालून खिशात टाकलं. एकेक पोरगं 'गाडी लावून येतो' म्हणत सटकलं.

मी गुडघ्यावर बसलो. "तनू, मी घरात वाचलं तवा चुकीचं वाचतोय हे तुला कळत हुतं?"

"व्हय."

"पहिल्या डावाला पण?"

"व्हय. त्यात पण हेच लिहिलं हुतं. जरा कमी."

"मग बोलली का न्हाईस, बाळा? शिकवणी लागली, खेळ बंद झाला—"

"मी म्हटलं असतं पप्पांना वाचाय येत न्हाय," तनू म्हणाली, "तर आजोबा तुम्हाला वरडले असते." मग तिनं डायरी मिटली. "मग तुम्ही गेला असता."

मी रागावायला कुणीतरी शोधत होतो. चूक टीचरची नव्हती, शाळेची नव्हती, कन्नडची पण नव्हती. आप्पांकडं बघितलं तर ते टोपी काढून हातात फिरवत होते. माझ्या बापाला टोपीशिवाय मी आंघोळीच्या वेळीच बघितलंय.

टीचरनी आम्हा दोघांना तिसरीच्या वर्गात नेलं आणि पोरांच्या बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला लागले. आप्पा म्हणाले, "टीचर, ते आमचं असंच आसतंय. माग आसत्यात, मोठ्यानं बोलाय लागतंय. भांडण न्हवं ते."

"तुम्हाला ठाव हाय ते भांडण न्हवं. तिला कुणी सांगितलंय?"

आप्पांनी टोपी समोरच्या बाकावर ठेवली.

"आमच्या टायमाला—" त्यांनी सुरू केलं.

"तुमच्या टायमाला तुमचं वडील जातो म्हणायचं?"

आप्पांनी फळ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हणायचं न्हाईत. एकदा न सांगता गेलं. दोन वर्सांनी आलं." आणि टोपी घातली.

हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. रागानं ओरडायला जो गळा लागतो तो माझ्याकडं होता, पण हे विचारायला लागतो तो नव्हता. तसा आप्पांकडं सांगायला पण नव्हताच. त्यांना सगळंच माफ केलंय असं समजू नका. पण त्या बाकावर मी त्यांना काही बोललो नाही.

टीचरनी औषध दिलं ते असं. शिकवणी बंद, खो-खो चालू. सकाळी पोरीला शाळेत मीच सोडायचं आणि शाळा सुटताना फाटकात मीच दिसायचं, रिक्षा नको. 'जातो' हा शब्द घरात काढायचा नाही. आणि तिला तोंडानं सांगायचं, की मी कुठंही जाणार नाही. "मनात हाय म्हणून चालत न्हाई," टीचर म्हणाल्या. "सांगाय पायजे."

सांगितलं. त्याच दिवशी, फाटकात. तनूनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं." विश्वास काय लगेच बसला नाही. पहिला आठवडाभर मधल्या सुट्टीत टीचरच्या फोनवरनं फोन यायचा. "पप्पा, काय करायलाय?" "सूत भरायलोय." "बरं." ठेवायची. दुसऱ्या आठवड्यात दोन फोन. मग एक. मग एक दिवस आलाच नाही, तर मीच टीचरना लावला. "खो-खो खेळायलीया," त्या म्हणाल्या. "ठेवा फोन, कामं करा."

आता पोट दुखत नाही. गाल भरलेत. आईचं म्हणणं आहे की दुप्पट मिरच्यांनी दीठ उतरली, फक्त उशिरा. म्हणू दे.

माझं आणि आप्पांचं भांडण मिटलं असं वाटतं का तुम्हाला? ते दोन जुने माग अजून तिथंच आहेत! भांडतो की. पण तनू खेळायला गेल्यावर, आणि हळू आवाजात. आप्पांशी हळू आवाजात भांडून बघा एकदा. एक जण बोलतो, तोपर्यंत दुसऱ्याला ऐकावं लागतं. ऐकलं की त्यांचं थोडं बरोबर वाटायला लागतं. असं भांडण मी अजून एकही जिंकलेलं नाही.

आणि शेवटची एक गोष्ट, ती सांगायची नव्हती. दिवाळीनंतर चाकणच्या कंपनीतल्या माझ्या दोस्ताचा फोन आला. "सुन्या, लई वर्सं पुणं पुणं करतुयास, आता खरीच जागा निघालीया. एक तारखेपासनं. येतुयास न्हवं?" मी फाटकाबाहेर उभा होतो, शाळा सुटायची वेळ. खोटं कशाला बोलू, मनातनं जायचं होतं. आठवी-नववीपासनं जायचं होतं.

"न्हाय जमणार," म्हणालो.

"का रं? आप्पा सोडत न्हाईत?"

"आप्पा सोडत्यात की. तिसरीतली सोडत न्हाय."

तो हसला. त्याला विनोद वाटला.

ती जागा दुसऱ्याला मिळाली.